चाळणीवरचं पाणी

धूळ अशी होती की खडी क्रशरवरून उडालेला कावळा पलीकडे बगळा होऊन उतरायचा. खोटं वाटत असेल तर कावळीला विचारा. तिने त्याला ओळखच दिली नाही.

त्या धुळीत सासरा आणि जावई एका व्हॉल्व्हवरून भांडत होते.

सासरा खाली, दगड फोडणाऱ्या जबड्यापाशी. छाती पार गेलेली. श्वास घेतला की आत कुणी फाटकी गोणी ओढत नेतंय असा आवाज यायचा. जावई वर, हादरणाऱ्या चाळणीवर. व्हॉल्व्ह उघडला की जबड्यावर फवारे सुटायचे, धूळ बसायची, म्हाताऱ्याला श्वास मिळायचा. पण तीच ओली कच पट्ट्यावरून वर जाऊन जाळीची भोकं लिंपून टाकायची. मग जावयाने हातोडी घेऊन चालत्या चाळणीवर चढायचं आणि जाळी ठोकायची. मशीन बंद करायची सोय नव्हती. "ट्रक खोळंबलेत," मुकादम म्हणायचा. आधीच्या चाळणीवाल्याचा पाय असाच गेला होता. खडी मात्र वेळेवर पोचली.

जावयाने खाली येऊन व्हॉल्व्ह उघडला. म्हाताऱ्याने बंद केला.

"मामा, आणखी धूळ छातीत गेली तर काय होईल, डॉक्टरने सांगितलंय ना?"

"डॉक्टरला चाळणीवर चढावं लागत नाही. तुम्ही वर जा, जावईबापू."

"पाणी चालू ठेवा, मग जातो. नाहीतर तुमची लेक मला जेवायला वाढणार नाही."

"आणि एका पायावर घरी गेलात तर काय दोनदा वाढेल?"

जावयाने हसण्यावारी नेलं आणि व्हॉल्व्ह पुरता उघडला. थोड्याच वेळात वर चाळणी चोंदली. मुकादमाने शिट्टी मारली. जावई हातोडी घेऊन पळाला, चालत्या जाळीवर चढला, चार घाव घातले आणि घसरला. कठडा हाती लागला म्हणून वाचला.

म्हाताऱ्याने ते खालून पाहिलं. त्याने व्हॉल्व्ह बंद केला, पान्याने नट सोडवला, व्हॉल्व्ह फिरवायचं चाक उपसलं आणि जबड्यात फेकलं. म्हशीएवढे धोंडे पचवणाऱ्या त्या जबड्याने ते बिडाचं चाक बिस्किटासारखं चावलं.

जावई वरून ओरडला, "मामा! पाना कुठाय? पान्याने फिरवतो!"

म्हाताऱ्याने पानाही आत टाकला. "तो पण खाल्ला याने. भूक लागली होती बिचाऱ्याला."

दगड कोरडा येऊ लागला. चाळणी मोकळी झाली. मुकादम खूश झाला. धूळ उठली ती इतकी, की वरच्याला खालचा दिसेना आणि खालच्याला स्वतःचे हात.

पाळी सुटली तेव्हा जावई शिडीवरून उतरला. दोन्ही पाय शाबूत. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, मिशी पांढरी. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. उठायचं त्राण नव्हतं, पण चेष्टेपुरतं होतं.

"या, जावईबापू. आज शोभता खरे माझ्या वयाचे."

जावई हसला. हसता हसता त्याला ठसका लागला. गुडघ्यांवर हात टेकून तो वाकला, आणि ठसका काही थांबेना.

म्हाताऱ्याने आपला श्वास रोखून धरला, जावयाच्या छातीतला आवाज नीट ऐकू यावा म्हणून.