निम्मी हवा

"हिच्या माउंटन बाईकला हलके टायर दाखवा," बाप म्हणाला. मेकॅनिकबाईंनी स्टूल पुढे सरकवलं. "मला काय धाड भरलीय?" म्हणत तो उभाच राहिला. त्याच्या हृदयाच्या ऑपरेशनला चार महिने झाले होते आणि दर रविवारी डोंगराच्या चढावर लेकच मागे पडत होती. हातांत टायर तोलून त्यानं हलकी जोडी निवडली. तेवढ्यात बाईंनी जुन्या चाकावर अंगठा दाबला. "अहो, टायर अजून चांगले आहेत. हवाच निम्मी आहे. शनिवारी मीच भरलेली." त्यानं लेकीकडे पाहिलं. ती ब्रेकशी चाळा करू लागली. "चढ लागायच्या आधी मीच काढते, बाबा," ती म्हणाली. "तुला धाप लागली तरी तू थांबत नाहीस. मी मागे राहिले की थांबतोस." बाई पाना पुसत राहिल्या. "हलकीच जोडी बसवा, हिला पुढे जाऊ दे," बाप म्हणाला आणि स्टूल ओढून बसला.