बारावा पेशंट

“ताई, बाजारपेठ फार लहान आहे हो,” औषध कंपनीचे साहेब हळहळले. “या रक्ताच्या आजाराचे देशात अकराच पेशंट. बारा झाले, की औषध आणतो.”

अकरावा म्हणजे ताईंचा मुलगा निहार. औषधावाचून त्याचं वर्षही निघणं कठीण. घाबरलेल्या ताई रोज देवाकडे बारावा पेशंट मागू लागल्या. कुणाचंही लेकरू चालेल, असंही त्यांनी मोठ्या मनाने सांगितलं.

महिन्याभरात डॉक्टरांचा फोन आला. “बारावा सापडला, ताई.”

ताईंनी फोन कानाला लावूनच देवापुढे साखर ठेवली. मग आठवण होऊन विचारलं, “कोण हो बिचारं?”

“गेल्या आठवड्यात आपण तुमच्या धाकट्या लेकीचं, रेवाचंही रक्त तपासलं होतं ना...”

“देवा, मी काही मागितलंच नव्हतं,” ताई पुटपुटल्या आणि साखर परत डब्यात भरू लागल्या.