दोन शालू

“शालू इकत घेऊ नको गो, इंदू,” जनीबाई म्हणाली. “घरात दोन पडलेत. एकेकदाच नेसलेले.”

इंदुबाईच्या हातातला चहा तसाच राहिला. मुलाकडची बाई आपणहून खर्च वाचवायला सांगते, हे तिने आजवर पाहिलं तर नव्हतंच, ऐकलंही नव्हतं.

हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात इंदुबाई मूर्तींना रंग देई. तिची लेक नमिता आखणी करी, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचं नाजूक काम. नवरा गेल्यापासून घर त्या रंगांवरच चाललं होतं. इंदुबाईची इच्छा एकच. लेकीचं लग्न छोटं का होईना, देखणं व्हावं, आणि त्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागू नये. एका लग्नापायी गळ्यापर्यंत बुडालेली घरं तिच्या आळीतच होती.

धनेशचं स्थळ काळुरामने आणलं. तो कारखान्यातल्या मूर्ती टेम्पोने पोचवायचा. रोह्याच्या अलीकडचं गाव, एकुलता मुलगा, कंपनीत शिफ्टची नोकरी. वय चौतीस, जरा जास्तच. “योगच येत नव्हता,” असं जनीबाई म्हणाली. नीट खात्री करून घ्यायलाच इंदुबाई आज नमिताला घेऊन घर बघायला आली होती, आणि सुचेल ते सगळं तिने विचारून घेतलं.

“दारूबिरू?”

“नाय.”

“तंबाखू?”

“नाय गो. सुपारीसुद्धा नाय.”

“कुणाचं देणं?”

“देवाशप्पथ नाय.”

धनेश खाली मान घालून बसला होता. सगळी उत्तरं त्याची आईच देत होती.

“लग्न आमच्याच दारात करू,” जनीबाई अंगणात येत म्हणाली. “तू फक्त पोरीला आणि तुझी माणसं घेऊन ये.”

अंगणात मांडवाच्या खांबांसाठी पाइपाचे तुकडे सिमेंटमध्ये पुरूनच ठेवले होते. खांब आणून उभे केले की काम झालं.

“गणपतीत मांडव घालतो,” जनीबाईने सांगितलं. “दर वेळी कोण खणत बसंल?”

मागच्या अंगणात चुली मांडायला ऐसपैस जागा होती. मध्ये फक्त रुईचं एक झुडूप होतं.

“येवढी रुई काढली, की पंगतीचा सगळा सैपाक इथंच व्हईल,” इंदुबाई म्हणाली.

“रुईला हात नको लावू!” जनीबाईचा आवाज एकदम चढला. मग ती हसली. “शनवारी मारुतीला पानं लागतात गो.”

देवाधर्माचं घर आहे, इंदुबाईला बरंच वाटलं.

परतताना एसटीत नमिता तोंडावर ओढणी धरून हसत होती. “आये, त्याची आखणी राहिलीय वाटतं. डोळंच उघडत नाय.”

म्हणजे पसंत होता.

घरी येऊन इंदुबाईने जनीबाईने दिलेले शालू उलगडले. एक आंब्याच्या रंगाचा, एक हिरवागार. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तशातली गत. नमिताने आंब्याच्या रंगाचा निवडला. दोन्हींची ब्लाउजंही बरोबर दिली होती. ती उसवायला घेतली तेव्हा मात्र इंदुबाई थबकली. एक अगदी काडीसारख्या अंगाचं, दुसरं चांगलं भरल्या अंगाचं. आणि दोन्हींना पाठीवर आजकालच्या पोरी लावतात तसले गोंडे.

तिने फोन लावला. पलीकडे जनीबाई खो खो हसली. “बाळंतपणात सुटले गो मी. तू नाय सुटलीस? आणि गोंड्यांची मला भारी हौस.”

इंदुबाईही हसली. हौशी सासू असलेली बरी, खवट नसावी, असं म्हणत तिने टाके घातले.

बाकीचं भराभर जमत गेलं. कारखान्यातल्या पोरींनी उरल्यासुरल्या रंगांत लग्नाचे घट असे रंगवले, की आळीतल्या बायका बघायला आल्या. काळुरामने वऱ्हाडासाठी टेम्पो दिला, भाडं घेतलं नाही. जेवणाला वालाचं बिरडं आणि तांदळाचे वडे ठरले. लग्न पाहावं करून म्हणतात. इंदुबाईने करून दाखवलं होतं, आणि तेही कुणाचा पैसा न घेता. कितीतरी वर्षांनी तिला शांत झोप लागली.

लग्नाच्या दिवशी सकाळी वऱ्हाड रोह्याकडे पोचलं. झेंडूच्या माळांनी अंगण पिवळंधमक झालं होतं. नमिता शालू नेसून आतल्या खोलीत बसली. शेजारची एक म्हातारी दारातून तिच्याकडे बघत राहिली, तिने पदराने डोळे पुसले आणि निघून गेली. परक्या पोरीसाठीही बायांचा जीव तुटतो, या विचाराने इंदुबाईला भरून आलं.

“आये, हूक तुटला,” नमिता पाठ वळवत म्हणाली.

सुईदोरा मागायला इंदुबाई जनीबाईला शोधत निघाली. मांडवात ती नव्हती. सैपाकघरातही नव्हती. मागच्या अंगणातून मंत्रांचा आवाज येत होता, म्हणून इंदुबाईने मागचं दार ढकललं.

रुईजवळ भटजी उभे होते. घरची दोन माणसं अंतरपाट धरून होती. अलीकडे मुंडावळ्या बांधलेला धनेश होता. पलीकडे रुईला हिरवी चोळी गुंडाळली होती, आणि तिच्या फांदीत मंगळसूत्र होतं.

इंदुबाई उंबऱ्यातच थांबली. तिने दाराची चौकट धरली.

भटजींनी अंतरपाट दूर केला. जनीबाईने रुईवर अक्षता टाकल्या. धनेशने मान वर केली, आणि दारातल्या इंदुबाईकडे तो पहिल्यांदाच डोळे उघडून बघत राहिला. जनीबाई मात्र पाठमोरी होती. तिने लेकाच्या पाठीवरून हात फिरवला.

“ही तिसरी झाली, बाबा. काय वंगाळ व्हायचं ते आता हिचं व्हईल. आतली पोर चौथी. ती नाय मरायची पहिल्या दोघींसारखी.”