उतरवलेला चेहरा

पडद्याकडे बघता बघता जुईच्या हातातली वाटी फरशीवर पडली आणि कितीतरी वेळ गरगरत राहिली. केतकीने ती उचललीसुद्धा नाही.

नटी वासवी काल गेली. केतकीच्या डोळ्यांचं पाणी सकाळपासून खळत नव्हतं. "मी गेलो तर एवढी रडशील का गं?" असं नवरा चिडवूनही गेला. दुपारी तिने लेकीला, जुईला, शेजारी बसवून वासवीचा आपला सगळ्यात लाडका सिनेमा लावला. सासरी निघालेली वासवी उंबऱ्यावर थांबून मागे वळून बघते, तिथे केतकी लहानपणापासून दर वेळी रडत आली होती.

आजही पडद्यावरची ती वळली. हिरवा शालू तोच होता, पण चेहरा केतकीच्या आईचा होता. तीन वर्षांपूर्वी गेलेली आई, इथे मात्र ऐन पंचविशीतली.

पडद्याच्या तळाशी ओळ सरकत होती: 'कलावंताच्या निधनामुळे, दुसऱ्या व्यक्तीच्या अभिनयावर संगणकाने चढवलेला त्यांचा चेहरा कायद्यानुसार उतरवला आहे.'

"स्टुडिओत मी कपडेपटात इस्त्री करायचे," एवढंच आई सांगायची. हा सिनेमा लागला की उठून भांडी घासायला जायची. "अगं, बस ना! बघ वासवी कशी रडते," केतकी चिडायची, "तुला मेलं कशाचं काही वाटतच नाही."

पडद्यावर आईने ओठ मुडपून हुंदका गिळला.

"ही तर फोटोतली आजी!" जुई ओरडली. मग तिने केतकीचा हात हलवला. "आई, म्हणजे तुला एवढी आवडायची ती आपली आजीच! हे आजीला कळलं होतं का गं?"