एकाच चमच्यातून

मार्गशीर्षातील एका सोमवारी, सकाळी, जिल्ह्याच्या बालरुग्णालयात, जन्मतःच थायरॉइड ग्रंथी नसलेल्या वैजयंतीचे आईवडील डॉक्टरांसमोर वाद घालत होते.

"मी म्हणतच होतो, गोळीतच खोट आहे. म्हणून बंगळूरहून पातळ औषध मागवलं," वडील म्हणाले.

"मागवून काय झालं? दीड वर्षाची झाली, अजून बसत नाही," आई म्हणाली.

"गोळी काय, पातळ काय, रक्तात दोन्ही पोचलेली नाहीत," डॉक्टर म्हणाले. "ताई, औषध कसं देता, ते दाखवा बरं."

तिने चमच्यात औषध ओतले आणि सवयीने पिशवीतून लोहाच्या थेंबांची बाटली काढून ते थेंबही त्यातच मिसळले. "दोनदा तोंड धरायला जीव धजत नाही, डॉक्टर. एकाच चमच्यात दिलं, की बिचारी एकदाच रडते."

डॉक्टरांनी तो चमचा अलगद तिच्या हातातून काढून घेतला. "लोह त्या औषधाला पोटातच अडकवून ठेवतं."

"उद्यापासून वेगळं देऊ!" वडील घाईने म्हणाले. "मग भरून निघेल ना सगळं?"

"औषध लागू पडेल," डॉक्टर म्हणाले. "इतके महिने त्याच्यावाचून राहून गेलेली मेंदूची वाढ मात्र आता होणार नाही."