मालावरचा माणूस

ट्रकच्या फाळक्याच्या वर माल भरायचा नाही आणि मालावर माणूस बसवायचा नाही, हा नवा नियम ट्रकवाल्यांच्या सभेत ऐकून शाकिर हसला होता. आज त्याच्या ट्रकमध्ये बीटी कापसाचा डोंगर, त्यावर विजेच्या तारा उचलायला बांबू घेऊन त्याचा क्लीनर पोरगा दीपक बसलेला. धामणगावच्या वेशीत सप्ताहाच्या मंडपाची वायर रस्त्यावर लोंबत होती. कर्ण्यावर कीर्तन रंगलेलं. "चाचा, हळू! वायर उघडी हाय!" दीपक वरून ओरडला. शाकिरनं जीव मुठीत धरून गाडी सरकवली. एकाएकी कर्णा थांबला. वायर तुटली? "दीपक, बोल नं बे!" वर चिडीचूप. मग मंडपातून नुसते टाळ घुमले आणि कापसावरून दीपकचा आवाज, "विठ्ठल विठ्ठल!" गळ्यातल्या वीणेसकट सप्ताहाचे वीणेकरी किसनराव धावले. "मेन स्विच म्या पाडला. पोराले उतरव." दीपकला उतरवून शाकिरनं बांबू पुढं केला. "वायरीखाली लावा, भाऊ. मले आता लागत नाही."