खोकल्याची जागा

"आज खोकायचं नाही," वेंडेलने बजावलं.

डेल्फीन बोटांत शिवणकामाची धातूची अंगुस्तानं चढवत होती. कपडे घासायची पत्र्याची फळी तिच्या गळ्यात लटकत होती. बँडमध्ये तिचं वाद्य तेच. "उद्या म्हणशील, फळीही वाजवू नकोस," ती म्हणाली. "तीन वर्षं खोकतेय मी त्या गाण्यात. लोक त्याचीच तर वाट बघतात."

"बघू देत. पुढे कोण बसलंय ते बघितलंस का?"

पुढच्या रांगेत मिस ओडेसा प्रुइट बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, पाठ ताठ, डोक्यावर चर्चला जायची जांभळी टोपी. मांडीवर त्यांच्या वडिलांचा बुधला होता, तान्ह्या पोराला धरावं तसा दोन्ही हातांनी धरलेला. नदीकाठच्या बागेत अख्खं लुइव्हिल शहर जेवायला लोटलं होतं, मटणाच्या रश्श्याचे हंडे उकळत होते, पण वेंडेलची नजर काही त्या बुधल्यावरून हलेना.

बुधला म्हणजे दारूचाच, मातीचा, अरुंद तोंडाचा. ज्यांना पितळेची मोठी वाद्यं परवडत नव्हती, त्यांनी तो रिकामा केला आणि वाजवायला घेतला. ओठ टेकवायचे नाहीत, जरा लांबून आत फुंकर घालायची. जमली तर पोटात घुमतं, नाही जमली तर नुसती थुंकी उडते. मिस ओडेसांच्या वडिलांना, लेवी प्रुइटांना, जमली होती. त्यांच्या बँडची एकच तबकडी निघाली, १९३० साली. वेंडेल सगळं त्या तबकडीवरूनच शिकला. ते सगळे वादक कधीच देवाघरी गेले होते, पण त्या तबकडीतला त्यांचा दम अजून जिवंत होता, आणि तो जिवंत ठेवणं हेच वेंडेलला आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम वाटत असे.

त्या तबकडीत तिसऱ्या कडव्याआधी कुणीतरी खोकतं. वादक एक ठोका थांबतात आणि पुन्हा उचलतात. बुधल्याच्या जवळूनच येतो तो आवाज, म्हणजे लेवींचाच, असं सगळे धरून चालत. लेवी पुढे छातीच्या दुखण्यानेच गेले, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. वेंडेलच्या बँडने तो खोकलाही जसाच्या तसा उचलला होता. पण आज लेवींची लेक समोर बसलेली. बापाच्या खोकल्याची नक्कल तिच्यासमोर करायची म्हणजे जखमेवर मीठच.

शिवाय तो बुधला. तो वाजवायला मिळावा म्हणून वेंडेलने किती विनवण्या केल्या होत्या. मिस ओडेसांचं उत्तर ठरलेलं. "आधी ऐकते, मग बघू." याआधी तीन बँड असेच ऐकवून रिकाम्या हातांनी परतले होते.

गाणं सुरू झालं. डेल्फीनची अंगुस्तानं फळीवर तडतडू लागली, पालथ्या टबाला बांधलेली दोरी धुमधुमली, वेंडेलने आपल्या साध्याशा बुधल्यात श्वास सोडला. लोक हातातली मक्याची भाकरी विसरून ताल धरू लागले. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. मिस ओडेसा मात्र ढिम्म.

तिसऱ्या कडव्याआधी बँड थांबला. खोकायचं नव्हतं, पण थांबायची सवय कशी जाणार? डेल्फीनने ओठ घट्ट मिटून घेतले. गाण्याच्या मधोमध एक रिकामा ठोका पडला.

आणि मिस ओडेसा खोकल्या. बारीक, कोरडं, बरोब्बर ठोक्यावर.

फुंकर कशीबशी सावरून वेंडेलने गाणं तडीस नेलं. टाळ्या थांबायच्या आत तो खाली उतरला.

"माफ करा, मिस ओडेसा. तुमच्या बाबांचा खोकला आम्ही मुद्दाम गाळला होता. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"कुणाचा खोकला?"

"तुमच्या बाबांचा. तबकडीतला."

"अरे, बाबा छातीने गेले ते म्हातारपणी. तबकडी निघाली तेव्हा त्यांना साधी शिंकही यायची नाही." त्यांनी टोपी सारखी केली. "मी खोकले होते. सहा वर्षांची होते, त्यांच्या पायाशी बसले होते, आणि तोंड दाबून धरलं तरी आला."

डेल्फीन बोटांतली अंगुस्तानं काढत मागे येऊन उभी राहिली.

"तुमच्याआधी तिघं आले," मिस ओडेसा म्हणाल्या. "वाजवायचे छान. पण खोकला काढला आणि जागाही बुजवून टाकली. तुम्ही निदान जागा तरी राखलीत."

त्यांनी बुधला उचलून वेंडेलच्या हातात दिला.

"तबकडीच्या कंपनीचा माणूस तेव्हा चिडला होता," त्या म्हणाल्या. "पोरीला बाहेर काढा आणि पुन्हा वाजवा, म्हणाला. बाबा म्हणाले, राहू द्या साहेब, तीपण बँडमधलीच आहे."